आरशातली तेरावी

मानसोपचाराच्या वॉर्डात वळणापलीकडचं दिसावं म्हणून छताखाली एक गोल, फुगीर आरसा लावला होता. त्यात बघून सिस्टर डोकी मोजायच्या. खाटा बारा, पेशंट बारा, पण आरशात मात्र तेरा.

तेरावी बाई कुणाच्या अध्यातमध्यात नव्हती. पाठमोरी, रोज एकाच पेशंटला खेटून बसलेली असायची. ज्याच्याशेजारी ती दिसेल, त्याला तो दिवस जड जातो, हे सिस्टरांनी महिनाभरात ताडलं. मग सकाळीच आरसा बघून त्या वहीत लिहायच्या, 'आज सात नंबरला एकटं सोडू नये.' आणि स्वतः खुर्ची ओढून म्हणायच्या, "आज मी बसते हं तुमच्याजवळ."

आठ महिने झाले, कुणाला साधा ओरखडा नव्हता. "तुम्हाला आधीच कळतं कसं?" डॉक्टर विचारायचे.

"केस काय उन्हानं पांढरे झालेत?" म्हणून सिस्टर हसायच्या.

आजची दुपार तर दृष्ट लागावी अशी. पत्ते रंगले होते, पेन्शनर मास्तर खुशाल पानं लपवत होते. चहाचा घोट घेत सिस्टरांनी समाधानानं आरशात पाहिलं. आज बारांपैकी कुणाच्याही शेजारी ती नव्हती.

तेवढ्यात मास्तरांनीही मान वर करून आरशात पाहिलं. पानं खाली ठेवून त्यांनी आपली खुर्ची सिस्टरांपाशी आणली. मागोमाग बाकीचे अकराही खुर्च्या घेऊन आले.

"आज आम्ही बसतो हं तुमच्याजवळ," मास्तर हळूच म्हणाले.

आणि सगळे सिस्टरांभोवती बसले, त्यांच्या डाव्या हाताची एक जागा सोडून.