सुमिराचं उत्तर

कारभारी मुल्योनो चहाला आले तेव्हा निंग्रुमने वडिलांच्या खेळाचं रेकॉर्डिंग लावूनच ठेवलं होतं. सुगीनंतरच्या गावशुद्धीच्या सणाला वायांग, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ, कोणी करायचा, हे त्यांच्या होकारावर होतं. तीन पिढ्या तो मान याच घराचा. पण तिचे वडील, विर्यो, हल्ली विसरतात अशी कुजबुज गावभर होती. कारभाऱ्यांना आपल्या कानांनी खात्री करायची होती.

कुजबुज खोटी नव्हती. गेल्या महिन्यात रेकॉर्डिंगच्या वेळी जाड्या दासीची बाहुली नाचवता नाचवता विर्योंनी नेहमीसारखी गाणाऱ्या बाईची थट्टा केली. फक्त नाव चुकलं. मागे बसली होती यातमी. त्यांनी हाक मारली सुमिराला. सुमिरा म्हणजे निंग्रुमची आई, पूर्वी त्या जागी तीच गायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. वादक हात आवरून बसले. शेवटी यातमीनेच, बिचारीने, सुमिरा होऊन उत्तर दिलं.

निंग्रुम सोलो शहरातल्या एका स्टुडिओत आवाजाचंच काम करायची. तिने तो तुकडा काल काढला होता. काढला म्हणजे आत दुमडला. कॉम्प्युटरवर आवाज खरा कापला जातच नाही. वाढत्या पोरीच्या परकराला दुमड घालावी तसा आत राहतो, कडा ओढली की पुन्हा बाहेर. मोठ्या घंटेचा एक ठोका तिने पुढच्याला असा जोडला होता की सांधा तिचा तिलाच सापडेना. तिला अभिमान वाटला, आणि लगेच लाजही वाटली.

सांधा आला आणि गेला. कारभारी मान डोलावतच राहिले.

"घड्याळ चुकेल, पण आमचे गुरुजी चुकायचे नाहीत!" त्यांनी तळलेल्या तेंपेचा, सोयाबीनच्या वडीचा, तुकडा तोंडात टाकला. "लोकांना काय, उद्योग नाहीत. यंदाही तुम्हीच, गुरुजी."

निंग्रुमच्या जिवात जीव आला. विर्यो मात्र हसले नाहीत.

"जरा मागे घे," ते म्हणाले.

तिने मागे घेतलं.

"इथे तुझ्या आईचं उत्तर होतं. ते कुठे गेलं?"

कारभाऱ्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला.

"काहीतरीच काय, बाबा," निंग्रुमने हसून घेतलं. "इथे कुठे काय होतं?"

"मला शिकवू नकोस. मी तिला विचारलं, ती बोलली. सगळ्यांनी ऐकलं." त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट केलं. "किती दिवसांनी बोलली होती ती माझ्याशी. आणि तू म्हणतेस, बोललीच नाही?"

आणखी एक खोटं बोलली असती तर कदाचित निभावलं असतं. कारभारी माणूस वाईट नव्हता. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं. पण विर्यो खिसे चाचपत होते, जणू ते उत्तर त्यांच्याच हातून कुठेतरी पडलं होतं. ते तिला बघवेना. तिने माऊस धरला आणि दुमडीची कडा ओढली. रेकॉर्डिंगमधून विर्योंचा आवाज आला:

"काय गं सुमिरा, घसा बसलाय की रुसलीस?"

मग नुसती शांतता. कोणीतरी खोकलं. आणि यातमीचा बारीक आवाज आला, "रुसेन कशाला? तुम्ही हाक मारायचीच वाट बघत होते."

गाणं सुरू झालं. विर्योंनी डोळे मिटले आणि गुडघ्यावर ठेका धरला.

कारभारी उठले. टोपी नीट केली. "येतो मी," ते निंग्रुमकडे न बघता म्हणाले. "पंचांशी बोलतो, मग बघू." त्यांची मोटरसायकल बांधावरून लांब जाईपर्यंत ती तशीच बसून राहिली. मान गेला, हे सांगायला आता पंच कशाला हवे होते?

विर्योंना कोणी उठून गेल्याचं कळलंही नाही. गाणं संपलं तसे ते वाकून कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या आवाजाच्या रंगीत पट्ट्यांजवळ आले आणि एकेका पट्टीवरून हलकेच बोट फिरवू लागले.

"पोरी," त्यांनी विचारलं, "आणखी कुठेकुठे कापलंस हिला?"