लठ्ठोबाला किती ऊन

बॅगेची चेन लागली, टॅक्सी सांगून झाली, आणि पाहतात तर कपाटावर लठ्ठोबा नाही.

सासरेबुवांनी कपाटामागे पाहिलं, पलंगाखाली पाहिलं. लठ्ठोबा म्हणजे त्यांचं सक्युलंटचं झाड. गुबगुबीत पानांचं, तळहाताएवढ्या कुंडीत मांडी ठोकून बसलेलं. निदान लेकीकडे आलं तेव्हा तरी बसलेलं होतं. इथे आतल्या खोलीत, कपाटावर, अंधारात राहून राहून त्यानं मान बाहेर काढली होती. दांडा लांबुळका, पानं विरळ. शेजारीण म्हणाली, "अगं बाई, केवढं वाढलं!" वाढलं कसलं, उजेड शोधत होतं.

सासरेबुवांना हे कळत होतं. त्याला काय हवं तेही पाठ होतं. सकाळचं कोवळं ऊन आणि मग दिवसभर नुसता उजेड. घरात अशी जागा एकच, स्वयंपाकघराची खिडकी. पण तिथे जावयाचं कॉफीचं यंत्र होतं. आणि जावयाला "तुमचं यंत्र जरा सरकवा" असं म्हणणार कसं?

घरजावई सगळ्यांना ठाऊक असतो, त्याच्यावर विनोदही भरपूर. घरसासरा असा शब्दच कुणी केलेला नाही, मग त्यानं राहायचं कसं ते कोण सांगणार? म्हणून ते अंग चोरून राहत. आंघोळीला शेवटी, पेपरला शेवटी, पंखा जेमतेम फिरेल एवढाच. खरं तर उभा जन्म ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेलेला, शिकाऊ माणसांवर ओरडून आवाज कायमचा चढलेला. पण जावई गाडी चालवायचा तेव्हा ते शेजारच्या सीटवर नसलेला ब्रेक दाबत बसायचे आणि म्हणायचे, "छान चालवता हं, जावईबापू." जावयाचा धंदा कवळ्या बनवण्याचा. सासरेबुवांची कवळीही त्यानंच बनवली. ती डावीकडे टोचायची. "अगदी मापात बसली," ते म्हणाले, आणि तेव्हापासून उजवीकडूनच जेवू लागले.

जावईही काही कमी नव्हता. टीव्हीवर काय लावू, बाबा? तुम्ही सांगाल तेच लावतो. बाबा काही सांगत नसत, त्यामुळे टीव्ही बंदच. मग दोघं सोफ्यावर शेजारी शेजारी बसून बंद टीव्हीकडे बघत.

"तुम्ही दोघं एकमेकांशी इतकं गोड वागता ना," लेक एकदा म्हणाली, "की घरी आल्यावर मला बँकेत आल्यासारखं वाटतं."

बाबांनी कायमचं इथेच राहावं असं तिला वाटत होतं. त्यांनाही राहायचं होतं. स्वतःच्या रिकाम्या घरात गॅस, कुलूप आणि कुकर यांच्याशी बोलून ते कंटाळले होते. पण इथून कुणी हाकलत नाही म्हणजे आपण हवे आहोत, असं थोडंच असतं? या जावयाच्या मनात काय चाललंय याचा थांगच लागत नव्हता. म्हणून टॅक्सी.

शोधत शोधत ते बाल्कनीत आले. भर दुपार. कठड्यावर लठ्ठोबा तळला जात होता. वरची पानं पांढरट, त्यावर तपकिरी चट्टे. शेजारी जावई. हातात पाण्याचा फवारा, चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणारं हसू.

"सकाळपासून ठेवलंय, बाबा. म्हटलं, जाताना जरा ताजंतवानं होऊन..."

"अरे गाढवा!"

समोरच्या छतावरची कबुतरं उडाली. आत लेकीच्या हातातलं झाकण पडलं.

"अंधारातनं उचलून एकदम भर उन्हात ठेवतात का रे? भाजलं ना ते! पहिल्याच दिवशी कुणी हायवेवर गाडी घालतं का? आणि वर पाणी मारतोय! अक्कल कुठे गहाण टाकलीस?"

"मग ठेवायचं कुठे?" जावईही तापला. "तुम्ही तोंड उघडता का कधी? मेलं असतं ते तिकडे कपाटावर! तुम्हाला बघवत असेल, मला नाही बघवलं!"

"किचनच्या खिडकीत ठेवायचं! जिथे तुझं ते फुसफुसणारं धूड मांडून ठेवलंयस तिथे!"

आणि मग आपण काय बोललो ते सासरेबुवांच्या कानांनी ऐकलं. त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला.

"जावईबापू... माफ करा. जीभ घसरली. मी निघतोच आता."

जावयानं कुंडी उचलली. खालची पानं अजून शाबूत आहेत का ते बोट लावून पाहिलं आणि तो सरळ स्वयंपाकघरात गेला. आतून प्लग उपटल्याचा आवाज आला. मग काहीतरी जड जमिनीवर टेकवल्याचा. सासरेबुवा दारात बॅगेचं हँडल धरून उभे राहिले. लेक त्यांच्याकडे बघत होती, रडावं की हसावं हे तिचं अजून ठरलं नव्हतं.

खाली हॉर्न वाजला. जावई फोन कानाला लावून बाहेर आला.

"टॅक्सी रद्द करायची आहे. हो, आत्ताच. कारण? कारण सासऱ्यांनी मला गाढव म्हटलं."

पलीकडचा टॅक्सीवाला एवढ्या जोरात बोलला की सगळ्यांना ऐकू आलं. "मग तर लगेच घेऊन जातो, साहेब! सामान घ्यायला वर येऊ का?"

"अहो, तसं नाही हो," जावई म्हणाला, आणि त्यानं सासऱ्यांच्या हातातली बॅग काढून घेतली. "पाहुण्याची काय हिंमत आहे मला गाढव म्हणायची?"