पिवळा चौकोन

हिंदुरावांना त्या पोस्टरातून रावसाहेबीचा सरकारी किताब मिळायचा होता आणि मायाप्पाला मुलगा. रावसाहेबी नव्या वर्षाच्या यादीत येते, तिला थांबता येतं. मुलगा कोठडीत होता.

सोलापुरातल्या लष्करी कायद्याच्या त्या उन्हाळ्यात येडूनं पांढरी गांधी टोपी डोक्यावर ठेवली आणि तो सात रस्ता चौकात जाऊन उभा राहिला. एवढाच गुन्हा. वय एकोणीस. गिरणीत बापाच्या शेजारी बसून लुगड्यांचे काठ विणकरासाठी चौकटीच्या कागदावर घराघरानं उतरवायला तो नुकता शिकला होता.

हिंदुराव कापसाचे अडते. सरकारी कचेरीत त्यांना खुर्ची मिळायची, आणि ती मिळते हे चार लोकांनी पाहावं म्हणून ते दार उघडंच ठेवायला सांगायचे. शहर शांत आहे हे शहराला कळवायला कविता हवी, हे त्यांनाच सुचलं. कविताही त्यांनीच केली.

भोंगा झाला, माग चालला,
सूर्य उगवला नवा;
सूत सुताला, हात हाताला,
शांत वाहते हवा.

"याला साजेसं चित्र काढ, मायाप्पा. भिंतीभिंतीवर लावू. कचेरीचा शिक्का बसला की मी स्वतः फौजदारांशी बोलतो."

"येडू सुटंल न्हवं, मालक?"

"शिक्का बसू दे की आधी."

मायाप्पानं सूर्य काढून आणला. हिंदुरावांनी चष्मा पुसला.

"हा चरखा आहे."

"सूर्य हाय जी. तुमच्याच कवितेतला."

"आणि हे आरे कसले? पुसून टाक."

दुसऱ्या खेपेला गिरणीचं तिकोनी छप्पर आलं. "ही टोपी," हिंदुराव म्हणाले. "बाजूनं बघ." मायाप्पानं बाजूनं पाहिलं. टोपी दिसली, आणि एकदा दिसल्यावर जाईना.

तिसऱ्या खेपेला त्यानं तीन रंगांचं नुसतं सूत काढलं. हिंदुरावांनी आधी उठून दार लावलं.

"निशाण! माझ्या घरात?"

"मग हात काढू का? कवितेत हायती."

"हाताच्या मुठी दिसतील."

"मालक, तुमीच सांगा काय काढू."

"काहीही दिसणार नाही असं काढ."

घरी गोजाबाई चुलीपुढे बसली होती. तिसरा कागद परत आलेला बघून ती म्हणाली, "कवितेचं मरू द्या. पोराचं बगा."

"त्येचंच बगतोय की."

त्यानं गिरणीतला चौकटीचा कागद पुढे ओढला. हाताला सवय तीच होती. मागासाठी निळे चौकोन डावीकडून चढत नेले, सुतासाठी त्यांच्यात तांबडे पेरले. हवेसाठी मोकळी घरं सोडली. सूर्यासाठी वरच्या कोपऱ्यात एकच पिवळा चौकोन ठेवला. आरे नाहीत, टोक नाही, काही नाही.

गोजाबाईनं मान तिरपी करून पाहिलं. "ह्यात काय हाय?"

"कायबी न्हाय."

"मग सुटंल पोरगं."

शिक्का बसला. शिळाप्रेसवर पाचशे कागद छापले आणि भिंतींवर चिकटवले. मायाप्पा त्याच दुपारी हिंदुरावांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"अरे, लगेच बोललो तर सौदा केल्यासारखं दिसेल," हिंदुराव म्हणाले. "आठ दिवस जाऊ देत."

आठाचे पंधरा झाले. तेवढ्यात वेगळंच घडलं. रंगीत चौकोनांचा कागद भिंतीवर दिसला तर दुसऱ्या गावचा माणूस त्याला चित्र म्हणेल. सोलापूरचा विणकर त्याला विणायचं काम समजतो. शहराच्या पूर्व भागातले तेलुगू विणकर पोस्टरापुढे थांबून नखानं घरं मोजू लागले. सरकारनं नवा काठ लावलाय म्हणे, अशी बोलवा उठली. सरकार म्हणतंय तर खपेलच, असा प्रत्येकानं हिशेब केला, आणि महिन्याभरात बाजारात निळ्या-तांबड्या चौकोनांची लुगडी आली. पदराच्या कोपऱ्यात एक पिवळा ठिपका.

कुणी कुणाला न विचारता गावभर एकच खूण झाली. कटाचा संशय घ्यायला कचेरीला एवढं पुरेसं होतं.

मायाप्पाला बोलावणं आलं तेव्हा गोजाबाईनं येडूचा धुतलेला सदरा बरोबर दिला. सुटलाच तर अंगावर घालायला बरा.

फौजदारांच्या टेबलावर पोस्टर होतं आणि त्याच्यावर एक लुगडं.

"मायाप्पा, तुझा मुलगा सुटला. आत्ताच मागच्या दारानं गेला."

मायाप्पाचे हात आपोआप जुळले. "लई उपकार झाले. हिंदुरावांनी सबुद पाळला म्हणायचा."

"हिंदुराव?" फौजदार हसले. "त्यांनी हे लुगडं आणून दिलं. शहरात कट शिजतोय, आपल्या साध्या कवितेचा कुणीतरी गैरफायदा घेतला, असं लेखी दिलं. रावसाहेबीसाठी त्यांची शिफारस वर गेली आहे."

"मग येडूला कुनी सोडवलं?"

"त्याचा तोच सुटला. सगळे म्हणत होते ह्या कागदात काही नाही. त्याच्यापुढे ठेवला, तर त्यानं वाचून दाखवला."

"मारलं का त्येला?"

"हात लावायची वेळच आली नाही. सुटका मिळेल एवढंच म्हटलं." फौजदारांनी जबानीचा कागद उचलला. "निळे चौकोन म्हणजे पेठा. तांबडे म्हणजे पेठेतली माणसं. पिवळा म्हणजे पुढारी. पुढाऱ्याचं नाव विचारलं, तर तुझं दिलं."

मायाप्पा सदऱ्याची घडी करत राहिला. ती मोडलेली नव्हती.

"हे खोटं असेल तर आत्ताच बोल. खरं असेल तर तुला दोन वर्षांची सक्तमजुरी आहे. खोटं निघालं तर खोटी जबानी दिली म्हणून त्याला वाटेतूनच परत आणतो."

मायाप्पानं सदरा बाजूला ठेवला आणि पोस्टर पुढे ओढलं. गिरणीत येडूचा कागद तपासायचा तसं पहिल्या ओळीपासून बोट फिरवत तो वरच्या कोपऱ्यापर्यंत गेला.

"बरोबर वाचलंय पोरानं," तो म्हणाला. "एक घर चुकला न्हाय."