एका मिनिटाचे बाप-लेक

"पुन्हा तेच! वजीर कशाला बाहेर काढलात?" सरांनी कपाळावर हात मारून घेतला.

पडद्यावरच्या बाई शांत होत्या. "तो काढतो ना, सर."

"तो काढतो ते चूक आहे. म्हणून तर हरतो."

"मग मीही हरेन. पण नेमका कधी काढायचा, ते नीट सांगा."

सरांच्या डोक्याचा पार भुगा झाला. एका मिनिटाचं बुद्धिबळ ते मोबाईलवरून शिकवायचे. त्यांचे धडे बघून कितीतरी लोक हात साफ करून घेत, आणि जो तो जिंकण्यासाठीच येई. या बाई दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होत्या. जेवणाच्या सुट्टीत कोपरा धरून शिकायच्या. मागे फळीवर साच्यातले जबडे वाळत पडलेले असत. बोटं अशी चपळ, की मनात आणलं तर भल्याभल्यांना पाणी पाजलं असतं. पण बाईंना हवी होती कुणा एका सुमार खेळाडूची नक्कल, तीही चुकांसकट.

"हे बघा," सर शेवटी वैतागले, "हा माणूस कोण ते कळल्याशिवाय मी पुढे शिकवणार नाही."

बाईंनी मागे वळून बघितलं आणि आवाज खाली आणला. "माझा नवरा."

मग सगळं बाहेर आलं. सासू-सासरे दुसऱ्या गावी राहायचे. नवरा आणि सासरे रोज दुपारी मोबाईलवर एकमेकांशी एका मिनिटाचा डाव खेळायचे. दोघेही जात्याच घुमे, त्यामुळे तेवढंच काय ते बोलणं. पुढे घड्याळदुरुस्तीचं जुनं दुकान मुलाने वडिलांना न विचारता भाड्याने दिलं आणि ठिणगी पडली. येणंजाणं तुटलं, फोन बंद झाले, सासूबाईंशी बोलायचीही चोरी झाली. नवऱ्याने मोबाईलमधून बुद्धिबळच काढून टाकलं.

"मला त्याचा पासवर्ड माहीत होता," बाई म्हणाल्या. "थोडे दिवस वाट बघितली आणि त्याच्या नावाने बाबांना डाव पाठवला. घेतील असं वाटलंच नव्हतं. पण त्यांनी लगेच घेतला हो!" त्यांचे डोळे भरून आले. "म्हणजे मनातून राग गेलाय त्यांचा. हा डाव चालू आहे तोवर बाप-लेकात काहीतरी शिल्लक आहे, सर. पलीकडे मी आहे हे त्यांना कळलं, तर तेवढंही संपेल."

सर विरघळलेच. दुसऱ्या दिवसापासून ते मन लावून चुका शिकवू लागले.

पण एक कोडं सुटतंय तोवर दुसरं पुढ्यात आलं. ते म्हणजे सासऱ्यांचा खेळ. सरांनी त्यांचे भांडणाआधीचे डाव काढून बघितले. तेव्हाचे सासरे म्हणजे दांडगा गडी. हत्ती दिला, घोडा दिला, पण समोरच्या राजाची पाठ सोडली नाही. आताचे सासरे एकेक प्यादं पदराखाली घेऊन बसायचे. चांगला रंगात आलेला डाव, आणि मधेच पलीकडून चालच यायची नाही. वेळ संपून डाव हातचा जायचा.

"दूध गॅसवर ठेवून खेळतात की काय?" सर म्हणाले.

बाई खळखळून हसल्या. "बाबा? त्यांना गॅस कसा पेटवतात तेही ठाऊक नाही. वय झालं, सर. या भांडणाने खचलेत ते."

तेही पटण्यासारखं होतं. पण खचलेला माणूस दर आठवड्याला सुधारतो कसा? बाईंचा वेग वाढला की त्यांचाही वाढे. सरांनी धड्यात नवी युक्ती दाखवली, की थोड्याच दिवसांत ती पलीकडून हजर. सर डोकं खाजवत राहिले. या वयात इतकी प्रगती कुणी केल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं.

एका दुपारी बाईंचा फोन आला. आवाज आनंदाने फुललेला आणि तितकाच घाबरलेला.

"सर, डाव संपल्यावर बाबांनी लिहिलंय, 'घरी ये रे. किती दिवस झाले.' आणि मी 'येतो' असं लिहून बसले!"

"अहो, मग झालं की काम!"

"कसलं झालं! नवऱ्याला मी ओढत नेईन. पण दारातच बाबा म्हणणार, रोज खेळतोस की माझ्याशी. हा म्हणणार, कोण खेळतंय? तिथेच पुन्हा पेटेल. तुम्ही त्यांना आधी समजावून सांगा ना. दोघेही तुमचे धडे बघूनच खेळायला लागले. तुमचा शब्द मोडणार नाहीत ते."

दुसऱ्यांच्या घरच्या भानगडीत पडायची सरांना हौस नव्हती. पण नाही म्हणवेना. सून इतके दिवस खेळत होती, हे बापाच्या गळी कसं उतरवायचं, याची वाक्यं जुळवत त्यांनी सासऱ्यांच्या घरचा नंबर लावला.

फोन सासूबाईंनी उचलला. सरांनी आपली ओळख दिली. "त्यांच्याशी जरा बोलायचं होतं. दुपारच्या डावाबद्दल."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"हळू बोला, सर," सासूबाई कुजबुजल्या. "यांच्या कानावर जायला नको. भांडण झाल्यापासून यांनी मोबाईलला हातसुद्धा लावलेला नाही. डाव मीच खेळते, तुमचे धडे बघून बघून. पण माझ्या मुलाला यातलं काही कळू देऊ नका हं. बापाशी खेळतोय एवढ्याच समाधानावर आहे बिचारा."