बोटाला लागेल असं नाव

“न्हाई उठलं,” चतुराबाई म्हणाल्या आणि त्यांनी कापडाचा तुकडा टेबलावर परत सरकवला.

साधनानं तो उजेडाकडं धरला. काळी शाई कापडाच्या चांगली नखभर वर आली होती.

“मावशी, ही फुगणारी शाई हाय. गरम केली की वर येते. अजून किती वर येणार?”

“फुगलं खरं. पण वळण मोडलं की. ह्याच्यात ‘द्री’ कुठंय? नुसता गोळा लागून राह्यला.”

साधनानं स्वतःचं बोट फिरवून पाहिलं. चतुराबाईंचं खरं होतं. शाई फुगताना अक्षरातल्या फटी बुजल्या होत्या.

वडीगोद्रीत हायवेच्या कडेला साधनाचं कपड्यांवर छपाई करायचं दुकान होतं. शाळांचे संघ, जयंतीची मंडळं, प्रचाराचे टी-शर्ट. सगळं काम सपाट छपाईचं. आठ दिवसांपूर्वी तीर्थपुरीचं हे जोडपं दुकानात आलं. पुढं बद्रीनाथ, मागं त्यांच्या उपरण्याचं टोक मुठीत धरून चतुराबाई. डोळ्यांवर काळा चष्मा. आत येऊन बाकावर बसल्यावरच त्यांनी ते टोक सोडलं.

मागणी एवढीच होती. उपरण्याच्या त्या टोकाला, आतल्या बाजूनं, ‘बद्रीनाथ’ असं छापायचं.

“आतून? मंग दिसणार न्हाई, मामा.”

“दिसायचं न्हाईच,” बद्रीनाथ हळू आवाजात म्हणाले. “बोटाला लागलं म्हंजे झालं. जल्दी होईल का?”

आणि ते बाहेर रस्त्याकडं बघत बसले. पुढचं सगळं चतुराबाईच बोलल्या. अक्षर मोठं पाहिजे. उठून आलेलं पाहिजे. पाण्यात जाऊ नये.

साधनानं जास्त काही विचारलं नाही. तिच्या आईची नजर शेवटच्या वर्षी गेली होती. आई घरातल्या माणसांना हातावरून ओळखायची. साधना दुकानातून आली की तिची शाईनं खरबरीत झालेली बोटं चाचपायची आणि मगच बोलायला लागायची. तेव्हा आईसाठी असं काही करावं हे साधनाला सुचलं नव्हतं. ते आता राहून राहून मनात येत होतं.

दुसऱ्या खेपेला तिनं साध्या शाईचे सहा थर एकावर एक दिले. प्रत्येक थर वाळवायचा, छपाईच्या जाळीची चौकट पुन्हा त्याच जागी ठेवायची, पुन्हा शाई ओढायची. चौथ्या थराला चौकट केसभर हलली.

चतुराबाईंचं बोट ‘थ’पाशी थबकलं. “इथं कडंला दोन रेघा लागतेत. बोटानं जायचं कुठून?”

साधनाचा नवरा भागवत शेजारीच टी-शर्टांच्या घड्या घालत होता. ते दोघं गेल्यावर तो म्हणाला, “एका उपरण्यापायी किती दिवस घालवती? जमलंय तसं दे की.”

“जमलंय तसं न्हाई द्यायचं,” साधना म्हणाली. “त्यांना वाचता आलं पाहिजे.”

भागवतनं हातातली घडी बाजूला ठेवली. मग त्यानं गाडी काढली आणि जालन्याहून छपाईची जाड फिल्म आणून दिली.

ती फिल्म साधनानं मोठ्या भोकांच्या जाळीवर चिकटवली आणि तिच्यात नावाच्या अक्षरांच्या खाचा पाडल्या. आता जाळीवरच्या अक्षराला खोली आली होती. ‘द्री’ची फट तिनं मुद्दाम रुंद ठेवली. विटेच्या साच्यात चिखल भरावा तशी दाट शाई त्या अक्षरांत दाबून भरली, चौकट सरळ वर उचलली आणि श्वास रोखून बघितलं. शाई पसरली नाही. गरम करून पक्की केल्यावर प्रत्येक अक्षराला भिंतीसारखी नीट कड आली. तिनं डोळे मिटले आणि बोट फिरवलं. ब. द्री. ना. थ.

शनिवारी दोघं आले. चतुराबाईंनी उपरण्याचं टोक मांडीवर घेतलं. बोट सावकाश पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत गेलं. ‘द्री’पाशी थोडं रेंगाळलं, पुढं सरकलं.

“बराबर,” त्या म्हणाल्या. “आता बिलकुल बराबर.”

साधना म्हणाली, “मावशी, आता गर्दीत चुकामूक झाली तरी मामा सापडतील तुम्हाला. टोक हातात आलं की झालं.”

“मला?” चतुराबाई जरा गोंधळल्या. मग त्यांनी काळा चष्मा काढला, पदरानं डोळ्यांच्या कडा टिपल्या आणि साधनाच्या तोंडाकडं निरखून बघितलं. “अगं, मला दिसतंय की. मोतीबिंदू काढल्याला. उद्यापासून चष्म्याची गरज न्हाई म्हणले डॉक्टर.”

बद्रीनाथ खाली मान घालून बसले होते. चतुराबाईंनी नवऱ्याचा उजवा हात ओढून घेतला आणि त्याचं बोट ‘ब’च्या पोटावर ठेवलं.

“गिरवा,” त्या म्हणाल्या. “पुढच्या सोमवारी पायलच्या लग्नाची नोंदणी हाय, अन् नातीच्या कागदावर साक्षीला आजोबाचा अंगठा न्हाई, सही पडणार हाय.”