दोन सेकंदांत सदतीस

स्क्रीनवर लालभडक चौकोन उघडला : 'कॉम्प्युटरमध्ये सदतीस व्हायरस! वाचवायचं असेल तर लगेच इथे दाबा!' सुनेनं दोन वर्षं खपून लिहिलेला प्रबंध त्यातच होता. तिचं बोट बटणाकडे वळलं, तोच मागून सासूबाई म्हणाल्या, "थांब. यानं तपासलं कधी?"

"आत्ताच. दोन सेकंदांत."

सासूबाईंचा सगळा जन्म रक्त तपासायच्या लॅबमध्ये गेलेला. "दोन सेकंदांत सदतीस रोग? अगं, आम्हाला साधी साखर बघायला तास लागायचा! घरचं कुणी नाही का तपासणारं?"

घरचा अँटीव्हायरस होता. फार वेळ खातो म्हणून सुनेनंच बंद करून ठेवलेला. तिनं तो चालू केला. एकेक फाइल चाळत त्यानं चांगला दीड तास घेतला. सासूबाई शेजारी खुर्ची टाकून बसून राहिल्या.

अखेर रिपोर्ट आला. धोकादायक प्रोग्रॅम सापडला तो एकच, मघाचा लाल चौकोन दाखवणारा. त्याला अलग काढून ठेवलं होतं.

"म्हणजे बोंब मारणाराच रोग होता!" सासूबाई खूश झाल्या. "गुणाचा आहे हो तुझा हा तपासनीस. बरं, रिपोर्टवर सही कोण करतं?"

सुनेनं पेन पुढे केलं. "तुम्हीच करा, आई."