चोवीस संमतिपत्रं

“प्रयोगात भाग घेणाऱ्या प्रत्येकाची सही लागते,” नैतिकता समितीच्या कारकुनांनी अर्ज परत सरकवला.

“पण भाऊसाहेब, त्या गोगलगायी आहेत.”

“मग त्यांच्या घ्या. उद्या शेवटची तारीख.”

गोगलगायींना काकडी आवडते की कोबी, हा मिताली धुरीचा प्रकल्प. तो बुडाला तर बीएस्सीचं शेवटचं वर्षच बुडालं असतं. तिने चोवीस संमतिपत्रं प्रयोगशाळेच्या टेबलावर मांडली. सहीच्या चौकटीपलीकडे काकडीची चकती ठेवून एकेक गोगलगाय कागदावर सोडली. त्याआधी प्रत्येकीला मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. उगाच फसवणूक नको. संध्याकाळपर्यंत तेवीस जणींनी चौकटीतून चमकती, चिकट रेघ ओढली.

चोविसावी मात्र शंखात शिरली ती बाहेरच येईना. तिला ढकलायला मितालीने बोट पुढे केलं आणि तिचं तिलाच कसंतरी वाटलं. तिने बोट मागे घेतलं आणि त्या कागदावर ‘नकार’ असं लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी समितीचे अध्यक्ष परुळेकर सर कागद चाळता चाळता नेमके तिथेच थांबले.

“बारा वर्षं मी संमतिपत्रं तपासतोय,” सर म्हणाले. “माणसांचीसुद्धा. नकार आज पहिल्यांदा पाहिला. म्हणजे तू खरंच विचारलंस.”

त्यांनी शिक्का मारला.

“तेवीस मंजूर. आणि तिला आजच्या आज बागेत नेऊन सोड. तिने स्पष्ट सांगितलंय.”